पाठीतला बाक

पाठदुखीवरचे औषध माहीत नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणे कठीण. आमच्या कॉलेजात मी नुसता कमरेवर हात ठेवून उभा राहिलो, की रसायनशास्त्राचे सहकारी ‘गादी काढा आणि फळीवर झोपा’ असे बजावतात, ग्रंथपालबाई निर्गुडीच्या पाल्याचा शेक सुचवतात आणि आमचा शिपाई आवाज खाली आणून म्हणतो, ‘सर, आमच्या गावाला एकजण पाठीवर नुसता पाय देतो. एकदा कट्‌ वाजलं, की माणूस मोकळा!’ ह्या सगळ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. अडचण एवढीच, की माझी पाठ आधी वाकडी आहे आणि मग दुखरी आहे.

वाकडी म्हणजे म्हातारपणी पुढे वाकते तशी नव्हे. तो बाक आपल्या घरोघरच्या आजीमुळे ओळखीचा आहे. माझा कणा बाजूला वळला आहे. मागून पाहिले तर सरळ दंडाऐवजी अवग्रहासारखा दिसतो. डॉक्टर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वाकडा’ एवढाच! ह्यात मणके नुसते कलत नाहीत, स्वतःभोवती थोडे पिळलेही जातात. म्हणून एक खांदा वर, एक खाली. एका बाजूच्या फासळ्या किंवा कमरेची बाजू उचललेली. डॉक्टरांच्या आधी हे शिंप्याला कळते.

हा बाक मोजायची रीत जॉन कॉब ह्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली सांगितली. एक्स-रेवर बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला जे मणके सर्वांत जास्त कललेले असतील, त्यांच्या कडेने रेघा ओढायच्या आणि त्यांमधला कोन मोजायचा. दहा अंशांच्या आत असेल तर त्याला बाक म्हणतच नाहीत. माझा ३४ अंशांचा आहे, कमरेच्या भागात. गुणपत्रिकेत ३४ म्हणजे नापास. इथे मात्र ३४ म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला मला बरेच दवाखाने पालथे घालावे लागले. त्या पायपिटीतून जे हाती लागले ते असे, की कोणताही उपचार निवडण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा. आपल्याला बाक सरळ करायचा आहे, की दुखणे कमी करायचे आहे? ही दोन वेगळी कामे आहेत, त्यांची औषधे वेगळी आहेत, आणि ती कोणाला लागू पडतील हे वयावर ठरते.

भागवताच्या दशम स्कंधात कुब्जेची कथा आहे. तीन ठिकाणी वाकलेली, म्हणून तिचे नाव त्रिवक्रा. श्रीकृष्णाने तिची पावले आपल्या पावलांखाली दाबून धरली, हनुवटीला दोन बोटे लावून तिला वर उचलले आणि ती सरळ झाली. दोन्ही टोकांनी ताण द्यायचा, ही कल्पना वैद्यकालाही फार जुन्या काळापासून सुचलेली आहे. पण ती दोन बोटे कोणत्याही वैद्याजवळ नाहीत. माझ्यासारख्या चाळिशी उलटलेल्या माणसाचा हाडांत मुरलेला बाक मालिशने, पाय देण्याने किंवा पट्ट्याने कायमचा सरळ होत नाही. ‘एकवीस दिवसांत कणा सरळ’ अशी हमी देणारा भेटला, तर त्याला नमस्कार करून पुढे जावे.

मग मोठ्या माणसाने करायचे काय? आधी घाबरणे थांबवायचे. अमेरिकेतल्या आयोवा येथे उपचार न घेतलेल्या अशा रुग्णांचा सुमारे पन्नास वर्षे मागोवा घेतला गेला आणि त्याचा अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या शंभरांपैकी ६१ जणांना जुनाट पाठदुखी होती. पण बाक नसलेल्या त्याच वयाच्या लोकांतही ३५ जणांना ती होतीच! आणि बाक असलेल्या बहुतेकांनी नोकऱ्या केल्या, संसार केले, म्हातारपण पाहिले. वाढ संपल्यावर ३० अंशांच्या आतला बाक सहसा वाढत नाही. छातीकडचा बाक ५० अंशांपलीकडे गेलेला असेल, तर तो वर्षाला साधारण अंशभर पुढे सरकू शकतो. मी मधल्या पट्ट्यातला. पाच वर्षांच्या अंतराने काढलेल्या माझ्या दोन एक्स-रेंत कोन तोच निघाला, हे मला कोणत्याही गोळीपेक्षा अधिक गुणकारी वाटले.

गोळ्यांचे म्हणाल, तर वेदनाशामक गोळी ही पाहुण्यासारखी असावी. चार दिवस बरी. मुक्काम ठोकला, की पोट आणि मूत्रपिंडे खर्चात येतात. इग्वानोडॉन ह्या प्रचंड प्राण्याचे अवशेष ओळखणारा इंग्रज भूशास्त्रज्ञ गिडियन मॅन्टेल १८४१ साली घोडागाडीच्या अपघातात सापडला. पुढची वर्षे पाठीच्या वेदनांत गेली. आधार होता अफूचा, आणि १८५२ साली त्याच अफूची मात्रा जास्त होऊन तो गेला. मृत्यूनंतर पाहिले तर कणा बाजूला वळलेला. तो कणा शंभराहून अधिक वर्षे लंडनच्या शल्यवैद्यांच्या संग्रहालयात होता.

आमच्या नगरात (२०२४ साली ते अहिल्यानगर झाले, पण जुन्या जिभेवर अजून नगरच) गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नावाचे आयुर्वेद महाविद्यालय आहे, त्यामुळे तेल आणि शेक यांची परंपरा आम्हांला नवी नाही. शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात, रात्री झोप लागते. हा फायदा खरा आहे. फक्त त्याच्याकडून कोन कमी होण्याची अपेक्षा करू नये.

खरा भरवसा व्यायामाचा. जर्मनीत कॅथरीना श्रॉथ ह्या बाईंनी १९२१ पासून बाकदार पाठीसाठी श्वासाचे आणि ताणाचे व्यायाम बसवले. त्या स्वतः ह्याच दुखण्याच्या होत्या. इकडे पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांच्या १९७५ साली उभ्या राहिलेल्या संस्थेने दोर, खुर्ची, लाकडी ठोकळे यांचा आधार देऊन आसने शिकवली. दोन्हींतले तत्त्व मला एकच वाटते. कणा सरळ होवो न होवो, त्याला धरून ठेवणारे स्नायू बळकट करा. नेवाशाला ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असे म्हणतात, तो खांब आमच्याच जिल्ह्यात आहे. पाठीला खांब हवाच. तो बाहेर न शोधता आत उभा करायचा, एवढेच. रोज अर्धा तास, दिवाळी असो की परीक्षा. मोठ्या माणसाने पट्टा मात्र प्रवासापुरताच वापरावा. दिवसभर बांधला, तर स्नायू आळशी होतात.

राहिली शस्त्रक्रिया. टेक्सासच्या पॉल हॅरिंग्टन यांनी कण्याला पोलादी गजाचा आधार देण्याची आपली रीत १९६२ साली जगापुढे मांडली. आता स्क्रू आणि गज लावून मणके एकमेकांशी सांधतात. जमेच्या बाजूला : बाक पुष्कळ कमी होतो, वाढायचा थांबतो, दबलेली नस मोकळी करता येते. खर्चाच्या बाजूला : सांधलेला भाग पुन्हा वाकत नाही, शेजारच्या मणक्यांवर ताण येतो, सावरायला महिने लागतात, मोठ्या वयात गुंतागुंत अधिक, आणि खाजगी रुग्णालयात आकडा लाखांत. पुण्याच्या शल्यवैद्यांनी हा सगळा हिशेब मांडून निर्णय माझ्यावर सोडला. माझ्या पायात अशक्तपणा नाही, कोन स्थिर आहे, तास उभ्याने घेता येतो. म्हणून मी आज नाही म्हटले. उद्या पाय बधिर होऊ लागले, चार पावलांवर बसावे लागले, तर हो म्हणेन. त्यात हार मानल्यासारखे काही नाही. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा भाषणात शोभतो, पाठीच्या बाबतीत नव्हे.

एक बजावून ठेवतो. पायातली ताकद जाणे, बैठकीची जागा बधिर होणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ह्यांत एक दिवसही थांबू नये. पाठदुखीबरोबर ताप आणि वजन घटणे असेल, तर मणक्याचा क्षयही असू शकतो. आपल्या देशात तो दुर्मीळ नाही. जिल्ह्यातच लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, तिथे तडक जावे.

मुलांचे गणित मात्र उलटे आहे. त्यांचे बहुधा काहीच दुखत नाही आणि बाक वाढत असतो! दहा वर्षांपासून वाढ संपेपर्यंतच्या मुलांत शंभरांत दोन-तीन जणांना तो असतो, आणि मोठे बाक मुलींत कितीतरी अधिक. बहुतेकांत कारण सापडत नाही. दप्तराला उगीच दोष देऊ नये. घराण्यात असेल तर शक्यता वाढते, म्हणूनच मी माझ्या तेरा वर्षांच्या भाचीची पाठ तपासायला लावली. २८ अंश निघाले. वाढ बरीच बाकी होती, डॉक्टरांनी पट्टा सांगितला. बहीण रडवेली झाली. ‘दादा, लोक विचारतील त्यांना काय सांगू? उद्या स्थळं येतील तेव्हा?’ तिच्या सासरच्या एका वडीलधाऱ्यांचा सल्ला होता, की बोभाटा नको, दोन वर्षे पाहू.

ती दोन वर्षेच तर खरी किमतीची असतात! अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०१३ साली आला. पट्टा वापरणाऱ्या मुलांत शंभरांपैकी ७२ जणांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत पोचला नाही. नुसते लक्ष ठेवलेल्यांत ४८ जणांचा. जितके तास पट्टा अधिक, तितका गुण अधिक. स्थळांच्या भीतीने लपवलेला बाक पुढे ५० अंशांचा होऊन लग्नमंडपात येतोच. मी बहिणीला हे आकडे वाचून दाखवत होतो, तेवढ्यात भाचीने विचारले, ‘मामा, रोज किती तास?’ मी म्हटले, ‘अठरा.’ तिने बोटांवर मोजले. ‘शाळा, क्लास आणि झोप धरली तर झालेच की!’ प्रश्न तिच्यापुरता मिटला होता. मोठ्यांचा मिटायला आणखी आठवडा लागला.

मॅन्टेलच्या कण्याचा अभ्यास करणारे शल्यवैद्य विल्यम अ‍ॅडम्स यांनी १८६५ साली एक साधी तपासणी सांगितली. तिला ना यंत्र लागते ना पैसा. नरकचतुर्दशीच्या पहाटे आयांनो, तुम्ही मुलांच्या पाठीला तेल लावाल. वाढत्या मुलीची उघडी पाठ आईच्या नजरेला पडण्याचा बहुधा वर्षातला तो एकच दिवस. उटणे लावण्यापूर्वी तिला पाय जुळवून, गुडघे न वाकवता, हात जोडून खाली वाकायला सांगा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, तर फराळ होऊ द्या, भाऊबीज होऊ द्या, आणि त्यानंतरच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. सरळ दिसली, तर पाठीवर हात फिरवा आणि न्हाऊ घाला.