‘फॉरमॅट मारावं लागेल’

मंडळी, १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवतोय? सकाळी दहाच्या आसपास देशातल्या विमानतळांवरचे संगणक एकाएकी निळे पडले. पुन्हा चालू केले की पुन्हा निळे. प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले आणि त्यांचे फोटो घरोघरच्या ग्रुपवर फिरले. कारण होतं क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगभरात सुमारे ८५ लाख संगणकांना तिचा फटका बसला. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली खरी, पण जो संगणक सुरूच होत नाही तो दुरुस्त फाइल घेणार कुठून? शेवटी इंजिनिअर मंडळी एकेका मशीनपाशी जाऊन बसली. सेफ मोडमध्ये मशीन सुरू करायचं, ती एक फाइल पुसायची, पुन्हा चालू करायचं. काही ठिकाणी तर नुसतं दहा-पंधरा वेळा बंद-चालू केल्यावर काम झालं.

मुद्दा असा की, इतका मोठा गोंधळ एक फाइल पुसून मिटला. आणि आपल्याकडे? शाहपूर असो, बऱ्हाणपूर असो की जळगाव, लॅपटॉप सुरू होईना म्हणून दुकानात नेला की पाचव्या मिनिटाला ऐकू येतं, “फॉरमॅट मारावं लागेल.” दुकानदाराचंही चुकतं असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे दहा मशीन रांगेत असतात आणि नव्याने विंडोज टाकणं हा तासाभरात हमखास जमणारा उपाय आहे. फक्त त्यात तुमचं काय जातं, हे त्याला ठाऊक नसतं.

माझ्या नात्यातल्या एका घरी असंच झालं. केळीच्या हिशेबाच्या सहा वर्षांच्या एक्सेल फाइली, मुलीच्या साखरपुड्याचे फोटो, आणि आजोबांच्या आवाजातलं एक रेकॉर्डिंग. आजोबा आता नाहीत. लॅपटॉप मात्र संध्याकाळी चकाचक होऊन घरी आला. हिशेब व्यापाऱ्यांच्या पावत्यांवरून पुन्हा जुळवता आले, काही फोटो पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये सापडले. रेकॉर्डिंगची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात घ्या. विंडोज वेगळं आणि तुमच्या फाइली वेगळ्या. विंडोज उठत नाही म्हणजे फाइली गेल्या असं नव्हे. बहुतेक वेळा त्या डिस्कवर जिथल्या तिथे असतात, फक्त दार उघडत नाही.

दार कुठे अडलंय ते कसं कळणार? आपला बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा डोळ्यांसमोर आणा. खानखानांच्या काळात सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत असं शहरापर्यंत आणलं. पाणी आलं नाही तर कोणत्या कुंडीपर्यंत येतंय, ते आधी बघायचं. संगणकाचंही तसंच आहे. बटण दाबलं की आधी वीज, मग मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्राम (जुन्या मशीनमध्ये बायॉस, नव्यात यूईएफआय) मेमरी आणि डिस्क तपासतो, मग डिस्कवरचा बूटलोडर, मग विंडोज.

दिवाही लागत नसेल तर प्रश्न विजेचा आहे, विंडोजचा नाही. लॅपटॉपचा चार्जर काढा, बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. पंखा फिरतो पण पडदा काळाच, तर मेमरीकडे संशय जातो. डेस्कटॉपची मेमरी काढून, टोकं खोडरबराने हलकेच पुसून परत बसवली की बऱ्याचदा गाडी चालू लागते, पावसाळ्यात तर फारच. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असं आलं तर आधी पेनड्राइव्ह लावलेला राहिलाय का ते बघा, हसू नका. जुन्या डेस्कटॉपमध्ये तारीख सारखी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय. त्यामुळे सेटिंग पुसलं जाऊन डिस्क ‘दिसत नाही’ असंही होतं. हा सेल घड्याळजीकडेही मिळतो.

विंडोजचं चिन्ह येऊन गोल नुसता फिरत राहिला, तर पाणी शेवटच्या कुंडीपर्यंत आलंय. चिन्ह दिसताच बटण दाबून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज १० आणि ११ आपणहून दुरुस्तीचा निळा पडदा दाखवतात. तिथे स्टार्टअप रिपेअर आहे, नुकतंच आलेलं अपडेट काढायची सोय आहे, सेफ मोड आहे. ‘रिसेट’ मात्र शेवटी. ‘फाइली ठेवा’ हा पर्याय निवडला तरी तुम्ही टाकलेले प्रोग्राम जातात.

एका आवाजाला मात्र घाबरायलाच हवं. हार्डडिस्कमधून टकटक ऐकू आलं तर पुन्हा पुन्हा चालू करू नका, दुरुस्तीचे प्रोग्राम तर मुळीच चालवू नका. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर ते जास्तीची मेहनत लादतात. आधी डेटा बाहेर, मग बाकीचं.

दुकानात गेलात तर वाक्य एवढंच: “आधी डेटा काढून द्या, मग काय हवं ते करा.” डिस्क काढून केबलने दुसऱ्या संगणकाला लावता येते, किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतात. यात नवल काही नाही, कोणत्याही जाणत्या कारागिराला हे जमतं. जास्तीचे पैसे मागितले तर द्या.

नव्या लॅपटॉपमध्ये एक गोम आहे. विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते, बिटलॉकर नावाने. मालकाला पत्ताही नसतो. मग डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी ४८ आकड्यांची किल्ली मागते, आणि ती नसेल तर दुकानदार काय, मायक्रोसॉफ्टही उघडून देऊ शकत नाही. जुलै २०२४ मध्ये अनेक कंपन्यांची दुरुस्ती याच किल्लीपायी लांबली होती. घरच्या लॅपटॉपची किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरून ती बघता येते. अट एकच, खातं कोणत्या ईमेलने उघडलं आणि पासवर्ड काय, हे आठवायला हवं. बऱ्याच घरांत ते खातं दुकानातल्या पोराने उघडून दिलेलं असतं!

तेव्हा लॅपटॉप नीट चालू आहे तोवरच या रविवारी ती किल्ली शोधा आणि कागदावर उतरवून घ्या. घराच्या रजिस्ट्रीचे कागद ठेवता त्याच कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.