पंपाचा स्क्रू नको, इंजिनाचे पोट मजबूत हवे

गणपती उठले की आपल्या वाहतूकदार सभासदांच्या गाड्या मिस्त्रीच्या दारात उभ्या राहतात. हंगामाआधी इंजिन करून घ्यावे, ही रीत चांगलीच आहे. परंतु त्या वेळी मालकाची जी मागणी असते ती आम्हांस पटत नाही. "मिस्त्री, चढाला गाडी ओढली पाहिजे, पंप जरा वाढवा," एवढे सांगून मालक मोकळा होतो. मिस्त्री स्क्रू फिरवतो. पंधरा दिवस गाडी नुसती उड्या मारते आणि ऐन हंगामात हेड गॅस्केट उडते, नाहीतर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग तोडलेला ऊस फडात, टोळी बसून आणि उचलीचे हप्ते डोक्यावर! तुटलेला ऊस २४ तासांत गाळला जावा असे आपण म्हणतो, कारण पुढे वजन घटते आणि साखरही उतरते. म्हणजे एक इंजिन बसले की फटका एकट्या मालकाला नसतो. ऊस ज्याचा त्यालाही असतो आणि कारखान्याच्या उताऱ्यालाही. सबब हा विषय सर्व सभासदांपुढे मांडत आहोत.

टर्बो म्हणजे काही जादू नव्हे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. इंजिनातून वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र सिलिंडरमध्ये जादा हवा दाबून भरते. हवा जादा म्हणून डिझेल जादा, आणि डिझेल जादा म्हणून ताकद जादा. आपल्या कारखान्यात टर्बाइन वाफेवर फिरते, येथे धुरावर, इतकाच फरक.

पण ही ताकद झेलायची कोणी? उदाहरणादाखल कमिन्सचे सिक्स-बीटी इंजिन घ्या. १९९३ साली टाटा व कमिन्स यांची भागीदारी झाली, जमशेदपूरला कारखाना निघाला आणि हे इंजिन टाटांच्या ट्रकमध्ये आले. सहा सिलिंडर, ५.९ लिटर, बोअर १०२ मिलिमीटर. पिस्टनच्या डोक्याचे क्षेत्रफळ सुमारे ८२ चौरस सेंटिमीटर भरते. डिझेल पेटते त्या क्षणी दाब चौरस सेंटिमीटरला १०० किलो धरला तरी एका पिस्टनवर ८ टनांवर भार येतो, म्हणजे उसाने भरलेल्या चार बैलगाड्यांचा! इंजिन २००० फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक पिस्टनवर हा घाव मिनिटाला १००० वेळा बसतो. स्क्रू फिरवला की घाव मोठा होतो. पिस्टन, रॉड, बेअरिंग आणि हेडचे बोल्ट मात्र तेच राहतात.

याच इंजिनाचा अमेरिकेतला अनुभव दांडगा आहे. १९८९ च्या मॉडेलपासून डॉजच्या पिकअप गाडीत ते १६० हॉर्सपॉवरचे म्हणून आले. तेथील हौशी मंडळी त्यातून कित्येक पट ताकद काढतात आणि वजन ओढण्याच्या शर्यतीत गाड्या उतरवतात. पण ती आधी इंजिनाचे पोट बांधतात. घडीव पोलादाचे खास रॉड, हेडला मूळ बोल्टांऐवजी चिवट स्टड, व्हॉल्व्हला जास्त ताठ स्प्रिंगा, पिस्टनच्या डोक्यावर उष्णता अडवणारा लेप, आणि सगळे रॉड-पिस्टन जुळत्या वजनाचे. जुन्या इंजिनांत टायमिंग केसमधली एक बारीक डॉवेल पिन सैल होऊन गिअरमध्ये पडते, म्हणून तिच्यावर पट्टी मारतात. तेवढ्याशा पिनेपायी अख्खी इंजिने गेली आहेत.

आमचे म्हणणे असे की, त्यांची मजबुती घ्यावी, शर्यत घेऊ नये. पंप कंपनीच्या मापावरच ठेवावा आणि पैसा आत घालावा. या इंजिनाला वेगळा लायनर नसतो, ब्लॉकच बोअर करावा लागतो. तेव्हा माप घेतल्याशिवाय पिस्टन विकत आणू नये. टर्बो इंजिनाला टर्बोचाच पिस्टन घालावा. त्याच्या वरच्या रिंगेच्या खोबणीत निकेलमिश्रित बिडाचे कडे असते. ते नसलेला स्वस्तातला पिस्टन घातला की खोबण झिजून जाते. रॉडला चीर आहे का, हे चुंबकीय तपासणीने पाहून घ्यावे. पिस्टनखाली तेल उडवणारे नोझल साफ करावेत. हेड टॉर्क रेंचनेच आवळावे, हाताच्या अंदाजाने नव्हे.

ड्रायव्हरसमोर धुराच्या तापमानाचा काटा बसवावा. अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. पिस्टनला खालून तेलाचा गारवा असतो म्हणून तो तगतो. पण चढावर काटा ७०० अंशांच्या आसपास रेंगाळू लागला तर खालचा गिअर टाकावा, पाय सैल करावा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फिरतो. ओढून आलेली गाडी लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे तशीच चालू ठेवावी, नाहीतर तेल जळून त्याचे बेअरिंग जाते. हे सारे जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनांबद्दल आहे. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांच्या यंत्रणेत कोणी हात घालू नये. शिवाय इंजिन भक्कम झाले म्हणून ब्रेक आणि अॅक्सल भक्कम होत नाहीत. जादा भार तो जादाच!

"एवढा खर्च आणायचा कोठून?" असे मालक विचारतील, आणि ते रास्त आहे. आमचे उत्तर असे की, मापे घ्यायला फार खर्च नाही, फक्त साधने हवीत. ती आपल्या वर्कशॉपकडे असतात. बंद हंगामात मिलचे रोलर आणि टर्बाइन माप घेऊनच बसवतात. "चालतंय, दाबा" म्हणून कोणी मिल सुरू करीत नाही. हीच शिस्त सभासदाच्या गाडीलाही मिळावी. बोअर गेज, टॉर्क रेंच, वजनकाटा आणि ती वापरणारा एक जाणता फिटर बंद हंगामात वाहतूकदारांना माफक दरात उपलब्ध करावा, घेतलेली मापे एका कार्डावर लिहून द्यावीत आणि वाहतूक करार करताना ते कार्ड पाहावे. गाडी किती जोरात पळाली हे गेटावरचा काटा विचारीत नाही. किती खेपा पोचल्या तेवढेच तो लिहितो. संचालक मंडळाने पुढील वार्षिक सभेपूर्वी याचा विचार करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.