जुन्या जीपची डागडुजी आणि कायद्याची मोजपट्टी

वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीची नोंदणी नूतनीकृत करण्याचे शुल्क केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये ५ हजार रुपयांवरून १० हजार रुपयांवर नेले. एप्रिल २०२२ पूर्वी हेच काम ६०० रुपयांत होत होते. जुने वाहन रस्त्यावर ठेवणे महाग व्हावे आणि मालकाने ते भंगारात काढावे, हा या वाढीमागील हेतू उघड आहे. बहुतेक मोटारमालक हा हिशेब करून वाहनाचा मोह सोडतीलही. मात्र एक वर्ग असा आहे, की जो कुरकुरत का होईना, पण हे पैसे भरेल. तो आहे जुन्या महिंद्र जीप आणि मारुती जिप्सी बाळगणाऱ्यांचा.

या मंडळींपैकी अनेकजण रविवारचा दिवस बंगल्याच्या आवारात किंवा ओळखीच्या मिस्त्रीच्या शेडमध्ये, हाताला ग्रीस लावून घालवतात. चार जाड टायरना जिथे याहून अधिक खर्च येतो, तिथे पाच वर्षांतून एकदा १० हजार रुपये ही फार मोठी रक्कम नव्हे. त्यांची खरी अडचण वेगळीच आहे. नूतनीकरणासाठी वाहन पासिंगला न्यावे लागते आणि तेथे समोर उभी असलेली जीप व आरसी बुकात नोंदलेली जीप एकच आहे काय, हा प्रश्न उपस्थित होतो. वर्षानुवर्षे घरच्या घरी केलेल्या दुरुस्त्या आणि सुधारणा या एका प्रश्नापाशी येऊन अडतात.

घरी उघडता येणारे वाहन

भारतात जीपची जोडणी मुंबईत सुरू झाली, ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस. विलीज कंपनीच्या परवान्यावर महिंद्रने उभा केलेला हा व्यवसाय पुढे एमएम ५४०, क्लासिक, मेजर अशा अनेक नावांनी वाढत गेला. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली आणि सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री २०१९ मध्ये थांबली. या दोन्ही घराण्यांतील वाहनांची रचना साधी होती. शिडीसारखी भक्कम चासी, पुढेमागे पाटे, अखंड अ‍ॅक्सल, फोर व्हील ड्राइव्हसाठी ट्रान्स्फर केस आणि वर बोल्टने बसवलेली पत्र्याची बॉडी. संगणकाची गरज नाही. पाने, जॅक आणि संयम असला की काम भागते. त्यामुळेच लष्कराने लिलावात काढलेल्या किंवा गावाकडे गोठ्यामागे गंजत पडलेल्या गाड्याही पुन्हा चालत्या होऊ शकल्या.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचा पाऊस आणि कोकणातील खारी हवा या गाड्यांची कठोर परीक्षा घेतात. फ्लोअरचा पत्रा सडतो, पाट्यांचे बुश झिजतात, चिखलपाण्यातून गेल्यावर हबमधील ग्रीसमध्ये पाणी शिरते, ब्रेकच्या लोखंडी नळ्या आतून गंजतात. जुने भाग काढून तसेच नवे बसवणे, ही झाली दुरुस्ती. त्याबद्दल कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. वादाला सुरुवात होते ती मालक एक पाऊल पुढे टाकतो तेव्हा.

सुधारणा आणि सोस

हे पुढचे पाऊल दोन दिशांना पडू शकते. पहिली दिशा सुरक्षिततेची. अनेक जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला एकच हायड्रॉलिक मार्ग असे. एका चाकाचा सिलिंडर गळला, की चारही चाकांचे ब्रेक निकामी. अशा गाडीला दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर बसवणे, पुढच्या ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक घालणे, सीटबेल्टसाठी चासीला जोडलेले भक्कम आधार देणे, या सुधारणांनी गाडी निश्चितपणे अधिक सुरक्षित होते. अर्थात काम नीट झाले असेल तर.

दुसरी दिशा रुबाबाची. लांब शॅकल किंवा जादा पाटे घालून गाडी चार-सहा इंच उचलायची आणि तिला अवाढव्य टायर चढवायचे. दिसायला गाडी दणकट होते. प्रत्यक्षात गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून त्याचे क्रॉस लवकर जातात. पुढच्या अ‍ॅक्सलचा कोन बिघडला, तर वेगात स्टीअरिंग थरथरू लागते. टायरचा व्यास वाढल्याने स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो आणि तेच जुने ब्रेक अधिक जड चाकांना थांबवण्यास अपुरे पडतात. दगडधोंड्यांच्या वाटेवर यातील काही बदलांना अर्थ असतो. पण तीच गाडी सोमवारी सकाळी शहरातील रस्त्यावर, शाळकरी मुले आणि दुचाकीस्वार यांच्यामधून जात असते.

या दोन दिशांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो जवळपास नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी आरसी बुकातील नोंदी विसंगत ठरतील, असा बदल मालकाला करता येत नाही. वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल, अशी ‘बदला’ची व्याख्या कायद्यातच आहे. इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची संमती लागते. सीएनजी, एलपीजी किंवा विजेवर वाहन चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्याची सवलत आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द ठरवताना या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षी झालेल्या कायदादुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

हा कठोरपणा पूर्वीपासून नव्हता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. मूळ १९८८ च्या कायद्यात, मालकाने आधी सूचना देऊन नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता घेतली, तर वाहनात बदल करण्याची मुभा होती. जोडसामानामुळे वाहनाच्या वजनात दोन टक्क्यांपर्यंत पडणाऱ्या फरकासाठी तर मान्यतेचीही आवश्यकता नव्हती. २००० मधील दुरुस्तीने ही वाट बंद केली. एकेका वाहनाची पाहणी करून निर्णय देण्याची पद्धत जाऊन तिच्या जागी उत्पादकाचा मूळ तपशील हीच एकमेव मोजपट्टी आली.

या बदलामागे कारणे नव्हती असे नाही. अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपवलेल्या परवानगीचे काय होते, हे आरटीओच्या आवारातील दलालांची गर्दी पाहणाऱ्या कोणालाही सांगण्याची गरज नाही. पादचाऱ्यांना धोकादायक ठरणाऱ्या लोखंडी बुलबारविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाईचे निर्देश दिले, तेही योग्यच होते. प्रश्न आहे तो सरसकटपणाचा.

हौशी मंडळींना दिलासा वाटावा असा एक नियम २०२१ मध्ये आला. पण तो या गाड्यांच्या फारसा उपयोगाचा नाही. ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी वाहन ५० वर्षांपेक्षा जुने हवे आणि त्याची चासी, बॉडी व इंजिन मूळ स्वरूपात हवे. शिवाय अशी गाडी प्रदर्शन, रॅली यांसारख्या मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. पहिल्या जिप्सीला ५० वर्षे पूर्ण होण्यास २०३५ उजाडेल.

लपवाछपवीची किंमत

परिणामी एक विचित्र व्यवहार रूढ झाला आहे. पासिंगपुरते मूळ आकाराचे टायर चढवायचे, जादा दिवे उतरवायचे आणि शिक्का मिळाला की सारे पूर्ववत करायचे. तपासणी होते ती एका गाडीची आणि रस्त्यावर धावते ती दुसरीच. विम्याची बाजू याहून गंभीर आहे. बदल न कळवता पॉलिसी घेतली असेल, तर अपघातानंतर वाहनाच्या नुकसानभरपाईचा दावा अडचणीत येऊ शकतो. आणि बदल कळवायचा म्हटले, तर तो कायदेशीर करून घेण्याचा मार्गच नाही. ब्रेक सुधारणारा जबाबदार मालक आणि गाडी बेफाम उचलणारा हौशी, दोघेही एकाच रांगेत उभे राहतात. ज्या कामाची उजळ माथ्याने तपासणी होऊ शकत नाही, ते काम चांगले झाले की वाईट, हे अपघाताच्या वेळीच कळते.

इतर देशांनी यातून मार्ग काढला आहे. ऑस्ट्रेलियात हलक्या वाहनांतील बदलांसाठी राष्ट्रीय संहिता आहे. गाडी किती उचलावी, टायर किती वाढवावेत, याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत आणि मोठ्या बदलांना मान्यताप्राप्त अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. जर्मनीत अधिकृत तज्ज्ञ बदललेले वाहन तपासतो आणि मान्य झालेला बदल वाहनाच्या कागदपत्रांत नोंदला जातो. दोन्हीकडे नियम सैल नाहीत. ते फक्त बदलाचा दर्जा पाहतात.

पुण्यातील ‘एआरएआय’ १९६६ पासून वाहनांची चाचणी करीत आहे. स्वयंचलित तपासणी केंद्रांत ब्रेकची ताकद, दिव्यांची दिशा आणि धूर यंत्रावर मोजला जातो. तेथे अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव कमी राहतो. २००० मध्ये जी वाट बंद केली, ती या यंत्रांच्या आधारे मर्यादित स्वरूपात पुन्हा खुली करता येईल. ब्रेक, सीटबेल्ट, स्टीअरिंग अशा ठराविक सुरक्षाविषयक सुधारणांची यादी, मान्यताप्राप्त अभियंत्याचा दाखला, यंत्रावरील चाचणी आणि आरसी बुकात नोंद, एवढे पुरेसे आहे. उंची व टायर यांवरील बंधने तशीच राहावीत.

अर्थात, उत्तम ब्रेक बसवल्याने जुने डिझेल इंजिन स्वच्छ होत नाही. राजधानी परिसरातील १० वर्षांपुढील डिझेल वाहनांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली, ती या प्रदूषणामुळेच. पुढे २०२५ मध्ये त्या आदेशात फेरफार झाले, तरी जुन्या इंजिनांचा प्रश्न संपलेला नाही. धुराच्या चाचणीत जी जीप नापास होईल, तिला हौसेच्या नावाखाली सवलत देण्याचे कारण नाही. मात्र जी उत्तीर्ण होईल आणि १० हजार रुपये भरून आणखी पाच वर्षे रस्त्यावर राहणार असेल, तिचे ब्रेक १९७० च्या दशकातीलच असावेत, असा आग्रह कायद्याने धरण्यात कोणाचे हित आहे, याचे उत्तर परिवहन मंत्रालयाने द्यायला हवे.