रूपकातला रॉक

'डिस्को डान्सर' ज्यांनी पडद्यावर पाहिला, त्यांना त्यातलं 'कृष्णा धरती पे आजा तू' आठवत असेल. १९८२ सालचा सिनेमा. गाणं बप्पी लाहिरींचं म्हणून लक्षात राहिलं, गाणारा कोण ते कुणी विचारलं नाही. तो आवाज नंदू भेंडे यांचा. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या नाटकवेड्या जोडप्याचा हा मुलगा. घरात मराठी रंगभूमी आणि पोराच्या डोक्यात रॉक! सत्तरच्या दशकात मुंबईत 'सॅव्हेजेस', 'वेल्वेट फॉग', 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' अशा बँडांतून ते गात होते. पुढे १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त त्यांनी अंकुशची भूमिका केली. मूळ नाटक ब्रेख्तचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, आणि मराठी प्रेक्षकांसमोर उभा एक खराखुरा रॉक गायक. मराठी रॉकला याहून चांगली सुरुवात मिळणं कठीण होतं. तरीही पुढची मजल मारली ती इंग्रजी गाण्यांनी.

वऱ्हाडातल्या आसेगावात बसून मी रॉकवर का लिहितोय, असं वाटेल. कारण आमच्या भजनी मंडळातले तबला वाजवणारे काका. परवा भजन आटोपल्यावर त्यांना मोबाइलवर पिंक फ्लॉइडचं १९७३ सालचं 'मनी' ऐकवलं. सुरुवातीला नाण्यांचा खळखळाट, गल्ल्याच्या मशीनचा खणखणाट. असे टेपचे तुकडे जोडून केलेलं आवर्तन. काकांनी डोळे मिटले, मांडीवर बोटं चालवली आणि म्हणाले, "हा तं रूपक हाय बाप्पा! सात मात्रा." सात मात्राच आहेत. मधे गिटारचा लांबलचक तुकडा सुरू झाला तशी बोटं थांबली. "आता कहरवा केला यायनं." तेही बरोबर, तिथे गाणं चारच्या हिशेबात येतं. शेजारी बसलेला त्यांचा नातू मात्र कंटाळला होता. "गानं म्हनतेत कमी अन् वाजवूनच राह्यले," ही त्याची तक्रार.

त्या दोघांनी मिळून प्रोग्रेसिव्ह रॉकची ओळख करून दिली म्हणायची. साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडातल्या काही पोरांना तीन मिनिटांच्या गाण्याचा कंटाळा आला. किंग क्रिमसनची पहिली तबकडी १९६९ची. १९७२ मध्ये 'येस' या बँडने एकच गाणं अठरा मिनिटांहून जास्त लांबवून तबकडीची अख्खी बाजू भरली. मधेच ताल बदलायचा, मधेच सूर, आणि ऐकणाऱ्याने बसून ऐकायचं. रात्रभर कीर्तन ऐकणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये.

मुंबईत १९८४ मध्ये 'रॉक मशीन' उभा राहिला. गिटारवर महेश तिनईकर, बासवर मार्क सेल्विन, थोड्याच काळात गायक म्हणून उदय बेनेगल. हा काही प्रोग्रेसिव्ह बँड नव्हता, सरळ हार्ड रॉक होता. बाहेरच्या वाद्यांवर जबर आयातशुल्क होतं, आणि श्रोते ओरडून परदेशी गाण्यांच्या फर्माइशी करायचे. धोबीतलावच्या रंगभवनात नक्कल जितकी हुबेहूब तितक्या टाळ्या! या पोरांनी हट्टाने स्वतःची गाणी वाजवली आणि १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. माझ्या लेखी बँडचा जन्म १९८४चा नव्हे, १९८८चा. दुसऱ्यांची गाणी वाजवतो तो ऑर्केस्ट्रा, मग तो कितीही तयारीचा असो.

१९९० मध्ये दुसरा अल्बम आला. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं. लोकांच्या तोंडी बसलेलं नाव टाकायला धाडस लागतं. आमच्याकडे दुकानाची पाटी बदलायची तरी घरात चार दिवस भांडणं होतात. १९९५ला नव्या नावाचा अल्बम निघाला, १९९७ला बँड फुटला. तोवर कॅसेटचा बाजार इंडिपॉपच्या मागे लागला होता. बेनेगल न्यूयॉर्कला गेले, तिथे बँडमधल्याच जयेश गांधींबरोबर 'आम्स फॉर शांती' हा बँड काढला.

खरी वाढ त्यानंतरची. २०१० मध्ये बेनेगल, तिनईकर आणि कीबोर्डवाले झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले, बासवर रशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी ही नवी माणसं घेतली. २०१२च्या 'इव्हॉल्व्ह' अल्बममध्ये फक्त आठ गाणी आहेत, पण ती ऐसपैस, वळणं घेत जाणारी, प्रोग्रेसिव्हच्या अंगाची. मिक्सिंग टिम पामर यांचं. पर्ल जॅमचा 'टेन'ही त्यांनीच मिक्स केला होता. बँड म्हातारपणी जुनीच गाणी उगाळतात. हे उलटे गेले, याचं मला कौतुक आहे.

तक्रार एकच. बँडच्या स्थापनेपासून तिनईकरांसारखा मराठी माणूस त्यात आहे, आणि मराठी गाणं नाही. त्यांना दोष देत नाही. ज्या भाषेत ऐकलं त्या भाषेत लिहिलं. नंदू भेंडे यांनी मराठी रंगभूमीवर रॉक गाऊन दाखवला होता; तो धागा मराठी बँडांनी पुरेसा पुढे नेला नाही. ११ एप्रिल २०१४ रोजी भेंडे गेले.

आसेगाव-मंगरूळपीर भागातली पोरं आता यूट्यूबवर पाहून गिटार शिकतात आणि हिंदी सिनेमाची गाणी छान वाजवतात. पोरांनो, एक गाणं स्वतःचं करा, आपल्या वऱ्हाडीत, हवं तेवढं लांब. तालाचं अडलं तर गुरुवारी रात्री भजनाला या. तबलेवाल्या काकांना सांगून ठेवलंय.