पाण्यात जाणारे पैसे

"बाबा, २४०चा काढून ३६०चा बसवू का?" असे आमच्या चिरंजीवांनी विचारले, तेव्हा रुपये समजून मी उदारपणे "बसव की" म्हणालो. ते मिलिमीटर निघाले! त्यांच्या संगणकाला पाण्याने गार ठेवणाऱ्या रेडिएटरची लांबी. रुपये निराळे, आणि ते पाच आकडी.

आता, या पाण्याबद्दल लोकांच्या फार भाबड्या समजुती आहेत. पाणी गार करीत नाही हो! पंप ते प्रोसेसरवरून फिरवतो आणि रेडिएटरचे पंखे त्यातली उष्णता खोलीत सोडतात. आम्ही बँकवाले याला रक्कम वर्ग करणे म्हणतो, शिल्लक तीच. मोठ्या रेडिएटरने पाणी खोलीच्या तपमानाजवळ येते, कबूल. पण मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असली, तर रेडिएटर गॅलरीएवढा लावा, ३८च्या खाली पाणी जायचे नाही. त्यापेक्षा माठ बरा! पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, म्हणून तो खोलीहून गार तरी राहतो. (आणि दोन-तीनशेत येतो.)

"पण बाबा, गेम खेळताना प्रोसेसर ९५ला जातोय!"

कॅबिनेट उघडले. रेडिएटरच्या जाळीवर धुळीची गोधडी! रंगकामाच्या जुन्या ब्रशने मी ती झाडली. चिरंजीवांनी प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. आकडा ८०वर उतरला. मी विजयी मुद्रेने चहा मागवला.

चिरंजीव मात्र स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाले, "पण नव्याला रंगीत दिवे असतात, बाबा."