‘माझा तर हिरवाच होता!’

चौकात दोन गाड्या आदळल्या की फुटलेल्या काचा झाडून व्हायच्या आत पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘माझा तर हिरवाच होता!’ पुष्कळदा ते खरंही असतं. समोरच्याने लाल तोडलेला असतो, पानटपरीवरचे चार जण साक्षीला तयार असतात, वर सीसीटीव्हीही असतो. पण त्या वाक्याच्या पोटात आणखी एक दावा असतो : हिरवा होता, म्हणजे मला डावी-उजवीकडे बघायचं कारणच नव्हतं. माझं भांडण या दुसऱ्या दाव्याशी आहे.

आधी समोरच्या पक्षाचं म्हणणं नीट मांडायला हवं, कारण ते लेचंपेचं नाही. सिग्नल उभा आहे तो विश्वासावर. आडवा रस्ता थांबलाय या भरवशावर मी पुढे जातो. हिरव्यावरही प्रत्येकजण थबकू लागला तर मागचा येऊन आदळेल, वाहतूक तुंबेल आणि खांब उभारल्याचा काही उपयोग राहणार नाही. शिवाय नियम पाळणाऱ्यालाच सावधगिरीचे धडे द्यायचे आणि मोडणाऱ्याची चूक वाटून घ्यायची, हा कुठला न्याय?

यातला संताप मला पूर्ण मान्य आहे. लाल तोडणारा गुन्हेगार आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८४ मध्ये लाल दिवा तोडणं हे धोकादायक वाहन चालवणं म्हणून स्पष्ट नोंदवलं गेलं. पहिल्याच गुन्ह्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. ‘रात्रीचे अकरा वाजले होते, रस्ता रिकामा होता’ ही सबब मी ऐकून घेणार नाही. त्याच्या दोषातला कणभरही मला दुसऱ्याच्या पदरात टाकायचा नाही.

पण त्याचा दोष पुरा असला म्हणून माझी जबाबदारी शून्य होते, हे गणित कायद्याने कधीच मानलेलं नाही. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत चालकाला सांगितलं होतं की चौकाजवळ येताना वेग कमी करा आणि तिथल्या माणसांना धोका होणार नाही याची खात्री पटल्याशिवाय आत शिरू नका. २०१७ मध्ये नवे नियम आले, त्यांतही चौकाशी जपून येण्याची अपेक्षा टिकून आहे. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये तर हिरव्याचा अर्थच असा दिलाय की वाट मोकळी असेल तर पुढे जाता येईल. रुग्णवाहिका सायरन वाजवत आडव्या रस्त्याने येते तेव्हाही आपला दिवा हिरवाच असतो. तिला वाट दिली नाही तर आपल्याकडे दहा हजारांपर्यंत दंड आहे. हिरवा हा बिनशर्त हक्क असता, तर हा दंड कुठल्या आधारावर ठेवला असता?

न्यायालयंही ‘चूक कोणाची’ याचं एका शब्दात उत्तर देऊन थांबत नाहीत. मुंबईत बेस्टची बस आणि एक तरुण सायकलस्वार यांच्या अपघाताचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, निकाल २००३ मध्ये लागला. तरुणाने मनाई असलेलं वळण घेतलं होतं. ती त्याची हयगय न्यायालयाने मान्य केली, त्यापोटी भरपाई कमीही केली. तरी बसच्या बाजूची जबाबदारी तेवढ्याने संपली नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांत हे रोजचं काम आहे : एकाने नियम मोडला हे सिद्ध झाल्यावरही विचारलं जातं की दुसऱ्याला ते दिसत होतं का, आणि दिसल्यावर त्याने काय केलं. हा प्रश्न मला कायद्याची खोच वाटत नाही, शुद्ध माणुसकीचा वाटतो.

आता ज्या प्रसंगाची मला खरी धास्ती वाटते तो बघा. पुण्यातला अलका टॉकीज चौक घ्या, किंवा तुमच्या गावातला तसाच, जिथे अनेक रस्ते येऊन मिळतात. डाव्या बाजूला पीएमपीची बस सिग्नलला उभी आहे, तिचं नाक स्टॉप लाइनच्या थोडं पुढेच. बसच्या पुढून एक आजी झेब्रावरून निघाल्या आहेत. त्यांचा दिवा हिरवा असताना त्या निघाल्या, पण गुडघ्यांमुळे अर्ध्या वाटेतच त्यांची वेळ संपली. बसचालकाला त्या दिसताहेत म्हणून तो हललेला नाही. शेजारच्या लेनमधून मात्र मागून एक मोटरसायकल येते आहे. लांबूनच तिला हिरवा मिळाला, त्यामुळे वेग कमी करायचं कारण तिला दिसत नाही. आजी बसच्या आडून बाहेर येतात त्या थेट तिच्यासमोर. इथे लाल कोणी तोडला? कोणीच नाही. आजींनीही नाही, मोटरसायकलवाल्यानेही नाही. ‘माझा हिरवा होता’ हे वाक्य इथे दोन्ही बाजूंनी खरं आहे, आणि त्याने कोणाचाही जीव वाचत नाही. वाचवू शकली असती ती एकच गोष्ट : थांबलेली बस हिरवा होऊनही हलत नाही, म्हणजे तिच्यापुढे कोणीतरी आहे, हे मागच्याच्या लक्षात येणं.

आकड्यांतच बोलायचं तर ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरच्या वर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद धरा. कोरड्या रस्त्यावर नुसत्या ब्रेकने थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. ताशी ४० ला हाच सगळा हिशेब २० मीटरमध्ये संपतो. म्हणजे २५ मीटरवर माणूस दिसला तर ४० ने येणारा त्याच्या अलीकडे थांबतो, आणि ६० ने येणारा ताशी ४५ च्या आसपास वेगाने त्याच्यावर जातो. पावसात याहून वाईट. दिवा दोघांचाही हिरवाच होता.

आणि दिवा बदलतो ती घटकाच सगळ्यात धोक्याची. पिवळा दिसला की पलीकडचा गाडी दामटतो, ‘निघून जाईन’ म्हणून. अलीकडच्याच्या समोर उलटे आकडे चालू असतात, तीन, दोन, आणि एकवरच त्याचा क्लच सुटतो. दोघांनीही आपापल्या परीने सेकंदभरच चोरलेलं असतं, आणि चौकाच्या मध्यभागी ते दोन सेकंद एकमेकांवर येतात. सिग्नल लावणारे अभियंते अनेक ठिकाणी सगळ्या बाजू लाल ठेवणारा क्षण घालतात तो याचसाठी, पण तो क्षण माणसांनीच खाऊन टाकला तर यंत्र काय करणार?

एक उलटा समजही आपल्याकडे घट्ट आहे, त्यालाही माझा तितकाच विरोध आहे. गर्दी जमते आणि ठरवते : मोठ्या गाडीवाल्याची चूक. ट्रक असेल तर ट्रकची, कार आणि स्कूटर असेल तर कारची. चालकाला खाली ओढून मारहाणही होते. फिर्यादीत ‘भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने’ ही ठरलेली ओळ उतरते, मग गाडी उभी असो की चालती. गाडीच्या आकारावरून दोष ठरवणं हे दिव्याच्या रंगावरून ठरवण्याइतकंच आळशीपणाचं आहे. दोन्हींत कोणी काय पाहिलं आणि काय केलं, हे शोधायचे कष्टच टळतात. मोठ्या गाडीवर जास्त काळजीचं ओझं जरूर आहे, कारण ती जास्त इजा करू शकते. पण ते ओझं अपघाताच्या आधीचं आहे, नंतर हात उगारायचा परवाना नव्हे.

दोष ठरला की पैसे कोणी द्यायचे ते ठरतं, एवढंच. तेही दर वेळी नाही : मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये कोणाची चूक हे सिद्ध न करताही मागता येतात. तुटलेला पाय मात्र कुठलाही निकाल परत देत नाही.

राहिला आक्षेप मागून येणाऱ्याचा. हिरव्यावर जपून निघालं तर मागचा हॉर्न वाजवतो, कधी अंगावर येतो. खरं आहे. पण मी चौकात गचकन ब्रेक मारायला सांगत नाही. चौक दिसल्यावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा, दिवा हिरवा झाला की आधी उजवीकडे आणि मग डावीकडे एकदा पाहावं, शेजारची मोठी गाडी हलत नसेल तर तिच्या पुढे काय आहे ते कळेपर्यंत तिला ओलांडू नये. यात सेकंद-दीड सेकंद जातो. मागे हॉर्न वाजवणाऱ्याला पुढची बस दिसते, बसपुढच्या आजी दिसत नाहीत. म्हणून निघायचं कधी, हे पुढे उभ्या असलेल्यानेच ठरवायचं आहे, आणि तेवढा वेळ मागच्याने थांबायचं आहे.