यादीतली जागा

सीवूड्सच्या आमच्या गॅलरीतून पूर्वी खाडीवरचे रोहित पक्षी तेवढे दिसत. २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळ सुरू झाला आणि आता विमानेही दिसतात. नातू म्हणतो, मी वैमानिक होणार. मला मात्र आठवते ती सेवाज्येष्ठतेची यादी. वैमानिक कमांडर केव्हा होणार, कोणते विमान उडवणार, हे बहुतेक ठिकाणी तीच ठरवते. दोन कंपन्या एक झाल्या की दोन याद्यांची एक करावी लागते. आणि एकजण वर सरकला की दुसरा खाली येतोच.

२००७ मध्ये एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या. पाट्या बदलल्या, पण वैमानिकांच्या संघटना दोनच राहिल्या. एकीकडे इंडियन पायलट्स गिल्ड, दुसरीकडे इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. ड्रीमलायनरचे प्रशिक्षण पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही द्यायचे ठरले, तेव्हा आपल्या बढत्या अडतील म्हणून गिल्डच्या वैमानिकांनी मे २०१२ मध्ये काम थांबवले. संप ५८ दिवस चालला. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा ज्येष्ठतेची चिंता पुन्हा वर आली.

एकच संघटना असती तर प्रश्न मिटला असता, असे वाटेल. अमेरिकेत २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. दोन्हीकडचे वैमानिक एकाच संघटनेत होते. वाद लवादाकडे गेला. २००७ मध्ये त्याने दिलेली यादी संख्येने मोठ्या गटाला पटली नाही, तेव्हा २००८ मध्ये मतांच्या जोरावर त्याने संघटनाच बदलली! वस्तुतः तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेतील कृष्णवर्णीय कामगारांच्या खटल्यात १९४४ सालीच बजावले होते, की सर्वांच्या वतीने बोलणाऱ्या संघटनेने सर्वांशी न्यायाने वागले पाहिजे.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली औद्योगिक संबंध संहिता ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा एकमेव हक्क देते. वैमानिक 'कामगार' की नाहीत, हा जुना वाद बाजूला ठेवू. उरलेल्या ४९ टक्क्यांचे काय?

हे मी काठावरून विचारत नाही. आमच्या बँकेत दुसरी बँक विलीन झाली, तेव्हा मी अधिकारी संघटनेच्या कार्यकारिणीवर होतो. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ सेवेत माझ्याहून चार वर्षे जुने. पण 'त्या' बँकेतले, म्हणून यादीत माझ्याखाली गेले. बैठकीत मी गप्प बसलो. पुढे माझ्या बढतीचा पेढा त्यांनी घेतला, अभिनंदन केले आणि पुन्हा लेजरमध्ये मान घातली.

म्हणून वाटते, आधी नियम ठरावेत, नावे मागाहून घालावीत. वाद तिऱ्हाईताकडे द्यावा आणि निकाल गैरसोयीचा आला तरी बहुमताने तो पाळावा. हे पुढाऱ्याला आपल्याच मतदारांना तोंडावर सांगावे लागते. मला ते जमले नव्हते.